सावकाश जाणारी गोळी

एका वृद्ध नेमबाजाची शिष्या एकदा त्यांच्यावर मनातल्या मनात रुसली. कारण तसे लहानसे होते. तिने निवडलेली गोळी त्यांनी नाकारली होती.

वृद्धाचे नाव रुद्राप्पा; सारे त्यांना आप्पा म्हणत. तरुणपणी ते सैन्यात होते. पुढे कर्नाटकाच्या सीमेवरच्या एका लहान शहरात त्यांनी अनेक वर्षे मुलामुलींना नेमबाजी शिकवली. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्याने रायफल बाजूला ठेवून ते केवळ सांगण्याचे काम करीत. शिष्या होती केतकी. स्पर्धांत तिने पदके मिळवली होती, आणि वनखात्याला एखादे पिसाळलेले वा जायबंदी जनावर संपवणे भाग पडले, तर ज्या मोजक्या नेमबाजांना बोलावणे जाई त्यांत तिचे नाव होते.

माघातल्या एका सकाळी वनखात्याचे रेंजर हुलगे साहेब आप्पांच्या दारात आले. चहा समोर तसाच ठेवून त्यांनी सारी हकीकत सांगितली. जवळच्या एका गावाच्या तळ्यात, पाण्यातल्या बाभळींवर, दरवर्षी चित्रबलाक घरटी करतात. मोठे, पांढरे, पंखांवर गुलाबी छटा असलेले हे पक्षी. सध्या झाडे पिल्लांनी भरली होती, आणि त्यातल्या एकाही पिल्लाला अजून उडता येत नव्हते. त्याच बाभळींखालच्या लव्हाळ्यात एक रानडुक्कर येऊन बसले होते. त्याचा खालचा जबडा फुटून लोंबत होता. पशुवैद्यांनी दुर्बिणीतून पाहून सांगितले होते की हे जनावर आता खाऊ शकत नाही, पाणी पिऊ शकत नाही. त्याला बेशुद्ध करून उपयोग नाही, कारण जुळवायला जबडाच उरलेला नाही. वेदनेने बेभान झालेल्या त्या डुकराने गवत कापायला गेलेल्या शेवंता नावाच्या बाईची मांडी फाडली होती. ती तालुक्याच्या दवाखान्यात होती.

"मग संपवा की त्याला," केतकी म्हणाली.

"बार झाला की पाखरं उठतात," हुलगे म्हणाले. "एकदम, सगळी मिळून. मोठी उठली की घरटी हलतात, पिल्लं खाली पडतात. दोन वर्षांमागं निवडणुकीच्या विजयाचे फटाके तळ्यावर वाजवले होते. त्यानंतर खाली काय पडलं होतं ते मी पाहिलंय. सायलेन्सर लावलेली रायफल खात्यानं परवानगीसकट दिली आहे. आवाज न करता काम व्हायला हवं, आप्पा."

केतकीला हे अवघड वाटले नाही. सायलेन्सर आहे, रायफल चांगली आहे, आणि तिच्याकडे तिची आवडती हलकी, वेगवान गोळी होती. ती सरळ रेषेत जाई आणि दुरूनही नेम चुकू देत नसे. तळ्याच्या बांधावर आरामात पडून, दुरून एक गोळी. काम संपले असते.

आप्पांनी तिच्या तळहातावरचे ते काडतूस उचलले, चाचपून पाहिले आणि परत ठेवले. "ही नको."

"का?"

"आधी ऐकू. मग बोलू."

केतकी रुसली ती इथे.

वाटेत ते गावात थांबले. चावडीपुढे शेवंताचा नवरा भैरू उभा होता. दवाखान्यातून नुकताच आलेला, डोळे तारवटलेले. रायफलची पेटी पाहताच तो पुढे आला.

"आज मारताय न्हवं?"

"उद्या," आप्पा म्हणाले.

"उद्या कशाला? अवो, माझी बायकू तिकडं कण्हत पडलीया आन् तुमी पाखरांचा इचार करताय. पाखरं मोठी का मानूस मोठं?"

माणसे गोळा झाली. कुणी भैरूची बाजू घेतली, तर कुणी म्हणाले की ही पाखरं आपल्या गावाला आली म्हणून गावाचं नाव आहे. हुलगे काही उत्तर देणार, तोच आप्पांनी हात वर केला. "एक रात्र द्या. तोवर तळ्याकडं कुणी फिरकू नका." एवढेच बोलून ते पुढे निघाले.

गावापासून दूर, डोंगराच्या पोटात दगडाची एक जुनी, बंद पडलेली खाण होती. तिथे चाचणी घ्यायची होती. आणि इथे आप्पांनी जे केले त्याने केतकी चक्रावली. रायफल तिच्या हाती न देता त्यांनी ती हुलगे साहेबांना दिली, समोरच्या चिकणमातीच्या ढिगाऱ्यावर नेम धरायला सांगितले, आणि केतकीला म्हणाले, "तू तिकडं जा. रायफल आणि माती यांच्या साधारण मध्ये, गोळीच्या वाटेच्या बाजूला, त्या मोठ्या दगडाच्या आड बस. डोळे मीट. आवाज कुठून आला ते बोटानं दाखव."

नेमबाजाने रायफलच्या मागे असायचे असते. आयुष्यभर ती तिथेच होती. दगडामागे बसून डोळे मिटायचे, हे तिला एखाद्या शिक्षेसारखे वाटले. पण आप्पांचा शब्द मोडायची सवय नव्हती. ती जाऊन बसली.

पहिली गोळी तिचीच होती, हलकी आणि वेगवान. कडाड् असा आवाज झाला आणि खाणीच्या भिंतींनी तो परत फेकला. केतकीने बोट दाखवले आणि डोळे उघडले. तिला वाटले होते की बोट रायफलकडे असेल. ते रायफलकडे नव्हते. ते तिच्या जवळच्या मोकळ्या हवेकडे होते, जिथे काहीच नव्हते.

"पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हा तेच झाले.

"सायलेन्सर खराब आहे का?" तिने ओरडून विचारले.

"नाही," आप्पा म्हणाले. "त्याचं काम त्यानं चोख केलं."

ती उठून त्यांच्याजवळ आली. रुसवा कुठे गेला ते तिलाही कळले नाही. आता तिला फक्त जाणून घ्यायचे होते. "मग कडाडलं काय? तिथं हवेशिवाय काहीच नाही."

"हवाच कडाडली. आवाजाला स्वतःचा एक वेग असतो, पोरी. जी गोळी त्याहून वेगानं धावते ती हवा फाडत जाते, आणि फाटल्याचा तो कडकडाट सगळ्या वाटेभर तिच्याबरोबर असतो. आसूड बैलाला न लागताही वाजतो ना? तसंच. सायलेन्सर नळीच्या तोंडाशी असतो. तोंडातून निघेल तेवढं तो आवरतो. पुढच्या वाटेवर त्याचा काय अधिकार?"

केतकी त्या मोकळ्या हवेकडे पाहत राहिली. इतकी वर्षे ती गोळ्या झाडत होती, आणि दर वेळी वाटेत काहीतरी फाटत होते. रायफलच्या मागे बसून तिने दोन्ही आवाज एकच समजले होते.

"मग हीच गोळी, पण कमी दारूची? सावकाश जाणारी?"

"बघू की," आप्पा म्हणाले. त्यांनी तशी काडतुसे बरोबर आणली होती. हुलग्यांनी ती झाडली. या वेळी कडकडाट झाला नाही. केतकीला आनंद झाला. पण आप्पांनी तिला मातीच्या ढिगाऱ्याकडे पाठवले. "किती आत गेली ते उकरून बघ."

दोन ओंजळी माती काढताच गोळी हाताला लागली.  डुकराच्या खांद्यावरची कातडी किती जाड असते ते तिला ठाऊक होते. अशी गोळी त्याला मारणार नाही, नुसतीच आणखी एक जखम करील.

"बळ वेगात होतं," ती हळूच म्हणाली. "वेग काढला, तसं बळही गेलं."

"मग बळ दुसरीकडून आणायचं. कुठून?"

तिने क्षणभर विचार केला. "वजनातून."

आप्पा हसले. त्यांनी पिशवीतून दुसरी काडतुसे काढली. यांच्या गोळ्या लांबट, जड आणि बोथट दिसत होत्या. पहिल्या जातीची गोळी हुलग्यांनी कागदामधून मातीत झाडली. आवाज झाला तो जाड सतरंजी झटकल्यासारखा. केतकी हरखली, पण आप्पांनी कागद मागवला आणि छिद्रावरून बोट फिरवले. छिद्र गोल नव्हते, लांबट होते.

"ही डोलत गेली. नळीतले आटे गोळीला जी गिरकी देतात ती हिला पुरत नाही. अशी गोळी सायलेन्सरलाच आतून धडकायची, आणि डुकराला नको तिथं लागायची. जड हवी म्हणजे सगळ्यांत जड हवी असं नाही. आपल्या नळीला पेलेल एवढीच जड."

थोड्या कमी वजनाच्या गोळीने कागदाला स्वच्छ गोल छिद्र पाडले. आवाज तसाच मंद होता. मातीतून ती काढायला केतकीला कोपरापर्यंत हात घालावा लागला.

"हीच," ती म्हणाली. हात चिखलाने माखला होता, चेहरा उजळला होता. तिने रायफल घेतली, खाणीच्या दूरच्या टोकाला गेली आणि तिथून निशाणावर नेम धरला. गोळी निशाणाच्या पुष्कळ खाली, जमिनीत घुसली. तिने पुन्हा झाडली. पुन्हा खालीच. जवळ आली तेव्हा कुठे नेम बसला. अजून जवळ आली तेव्हा एका छिद्रावर दुसरे छिद्र पडू लागले.

ती रायफल खाली ठेवून बसली. तिच्या लक्षात आले होते.

"बांधावरून नाही जमणार," ती म्हणाली. "त्याच्याजवळ जावं लागेल."

"हो."

"किती जवळ, आप्पा?"

"त्याचा श्वास ऐकू येईल इतकं." आप्पा तिच्याशेजारी बसले आणि सावकाश बोलू लागले. "वेगवान गोळीचं एक सुख असतं. दूर बसता येतं. समोरचा काय करतोय, कसा उभा आहे, याचा फार विचार करावा लागत नाही. तिची किंमत आपण देत नाही, वाटेतले देतात. ही सावकाश जाणारी गोळी वाटेत कुणाला त्रास देत नाही, पण तिची सारी किंमत आपल्याकडून घेते. वजन आपण निवडायचं, ते पेलतंय का ते तपासायचं, आणि पायांनी जवळ जायचं. कुणाला धक्का न लावता कठीण काम करायचं असेल, तर दुसरा रस्ता मला तरी सापडलेला नाही."

 केतकीला भीती वाटत होती, आणि आप्पांना ते दिसत होते, मोतीबिंदू असूनही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती दोघे लव्हाळ्यात शिरली. वारा पाण्याकडून अंगावर येत होता, म्हणून त्यांचा वास डुकराकडे जात नव्हता. मागे बांधाच्या उतारावर हुलगे त्यांची नेहमीची रायफल घेऊन उभे होते. डुक्कर अंगावर आले तरच त्यांनी झाडायचे, असे ठरले होते. पण ती झाडली तर वर काय होईल ते तिघांनाही माहीत होते. वर बाभळींवर पिल्लांचा कलकलाट सुरू होता. मोठे पक्षी जवळजवळ मुकेच असतात. अधूनमधून चोची आपटल्याचा टकटक आवाज तेवढा येत होता.

केतकी गुडघ्यांवर सरकत होती, आप्पा तिच्या मागे. एका जागी त्यांनी तिच्या पाठीला हलकेच स्पर्श केला. थांब.

मग तिला श्वास ऐकू आला. घरघरता, ओला.

लव्हाळे हलले आणि डुक्कर उठून उभे राहिले. कागदावरच्या निशाणापेक्षा ते कितीतरी मोठे होते, आणि कितीतरी दीनही. जबड्याभोवती माश्या घोंगावत होत्या. त्याने तोंड नेमके तिच्या दिशेने वळवले. समोरून गोळी घालणे व्यर्थ होते. कवटीच्या हाडावरून ती निसटली असती. हे तिला कळत होते, तरी बोट चापावर घट्ट होऊ लागले. दूर असती तर तिने घाई केली असती. इथे, इतक्या जवळ, तिला त्याचा डोळा दिसत होता, आणि घाई करता येईना.

डुकराने एक पाऊल पुढे टाकले. उतारावर हुलग्यांनी रायफल खांद्याला लावली.

आप्पांचा हात तिच्या पाठीवर तसाच होता.

डुक्कर थबकले. मग जणू या माणसांचे त्याला काहीच वाटेनासे झाले, असे ते पाण्याकडे वळले आणि त्याने तोंड पाण्यात घातले. पाणी आत जात होते आणि फुटलेल्या जबड्यातून तसेच बाहेर वाहत होते. ते पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत होते. त्याची पूर्ण कूस केतकीसमोर होती.

तिने चाप ओढला.

सतरंजी झटकल्यासारखा एक आवाज. डुकराचे पुढचे पाय मोडले, ते लव्हाळ्यात कलंडले आणि पुन्हा हलले नाही. सर्वांत खालच्या घरट्यातल्या एका चित्रबलाकाने मान उंच केली, इकडेतिकडे पाहिले, आणि पुन्हा खाली वाकून तो पिल्लाच्या चोचीत मासा सोडू लागला. बाकी कुणी मानही वळवली नाही.

 आप्पांनी केतकीच्या हातातून रायफल काढून घेतली आणि ती शांत होईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले.

दोघे बांधावर आली तेव्हा भैरू तिथे येरझाऱ्या घालत होता. "ताई, आजून किती वाट बघायची?" तो चिडून म्हणाला. "दिस वर आला की!"

"झालं, दादा."

"काय झालं?"

"मेलं ते."

भैरू तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला काहीच ऐकू आले नव्हते.

डुकराला दोरांनी ओढून झाडांपासून लांब, बांधाच्या पलीकडे आणले गेले. गाव जमले. पशुवैद्यांनी जबड्याची तपासणी केली आणि चिमट्याने जखमेतून एक जळकी चिंधी बाहेर काढली. निळी, पांढऱ्या ठिपक्यांची, सुतळीने गुंडाळलेली.

"गावठी बॉम्ब," हुलगे सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले. "खाण्यात घालून ठेवलेला. यानंच जनावर पिसाळलं आणि यानंच त्या बाईवर ही वेळ आली. ज्यानं ठेवला त्याला मी सोडणार नाही. ही चिंधी कुणाच्या घरातली आहे ते शोधून काढीन."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. पण केतकीचे लक्ष एका माणसावर गेले. बारीक हालचाल टिपण्याची तिच्या डोळ्यांना सवय होती. चिंधी वर येताच भैरूने दोन पावले मागे घेतली होती. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. मग तो कुणाला न कळता गर्दीतून निघाला आणि बांधाच्या टोकाला, पाणी सोडायच्या मोरीच्या दगडावर जाऊन बसला.

केतकीच्या मनात संताप उसळला. काल हाच माणूस चावडीपुढे ओरडत होता. याच्याच हाताने त्या मुक्या जिवाची ती दशा केली, याच्याच हाताने याची बायको दवाखान्यात गेली. शब्द तिच्या ओठांवर आले. गर्दी समोर होती, साहेब समोर होते, आणि ती जिथे उभी होती तिथून एक हाक मारली असती तरी पुरे होते.

तिने तोंड उघडले, आणि मिटले.

मग ती बांधावरून चालत त्याच्याकडे गेली. आप्पा मोरीजवळच एका दगडावर टेकले होते. तिला जाताना त्यांनी पाहिले, पण विचारले नाही. ती भैरूच्या शेजारी बसली.  मग ती काहीतरी बोलली. एखादेच वाक्य असावे.

भैरूने दोन्ही हातांनी तोंड झाकले. त्याचे खांदे हलू लागले. "डुकरं मका खात व्हती, ताई," तो हुंदक्यांतून म्हणाला. "निम्मा मका गेला. एकच ठेवला म्या. तिचंच जुनं लुगडं फाडून… मला काय ठावं, तीच त्याच्या म्होरं जाईल."

"तिला सांगितलंय?"

त्याने मान हलवली. नाही.

 मग भैरू उठला, डोळे पुसले आणि गर्दीकडे न जाता एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागला. हुलगे साहेबांनी ते पाहिले आणि ते लगबगीने केतकीकडे आले. "तो कुठं निघाला?"

"दवाखान्यात," केतकी म्हणाली. "आधी बायकोला सांगायचंय त्याला. मग तुमच्याकडे येईल. स्वतःच्या पायांनी येईल, साहेब."

आणि संध्याकाळी तो खरोखर आला. घराच्या माळ्यावर लपवलेले उरलेले बॉम्ब दाखवायला तो स्वतः पुढे चालला, आणि होईल ती शिक्षा मान्य आहे असे त्याने लिहून दिले. दवाखान्यात शेवंताने त्याला काय म्हटले ते त्याने कुणाला सांगितले नाही.

परतीच्या वाटेवर केतकी गाडीत मागे झोपून गेली होती. हुलगे मात्र अजून विचारातच होते. अनेक गुन्हेगारांना दरडावून, धाक दाखवून त्यांनी कबुली मिळवली होती. असा उठून आलेला माणूस त्यांनी क्वचितच पाहिला होता.

"आप्पा," त्यांनी हळू आवाजात विचारले, "पोरीनं त्याला नेमकं सांगितलं तरी काय?"

आप्पांनी मागे वळून झोपलेल्या शिष्येकडे पाहिले.

"कुणास ठाऊक," ते म्हणाले. "मी जवळच बसलो होतो. पण मला काही ऐकू आलं नाही."